किरोगाचा डावा हात

११ ऑगस्ट, सोमवार

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यंदा कॉलेजतर्फे मुलींच्या बॉक्सिंगचाही संघ पाठवायचा. मी म्हणालो, "सर, मी कबड्डीचा माणूस." ते म्हणाले, "रेणुकादासराव, क्रीडा विभाग तुमच्याकडे आहे ना? मग झालं." निवृत्ती तोंडावर आलेल्या माणसाला हे असं नवं लचांड गळ्यात बांधतात. दुसऱ्या कुणाला सांगायची हिंमत नाही.

संघ म्हणजे एकच मुलगी. वर्षाराणी, बी. कॉम. दुसरं वर्ष, राहते इथे नांदेडला वसतिगृहात, गाव उदगीर. वडील बसलिंगप्पा यांची तिथल्या मोंढ्यात धान्याची अडत आहे. शाळेत दोन वर्षं बॉक्सिंग शिकली, मग शिकवणाऱ्या सरांची बदली झाली. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या जागेतून पोलिसात जायचं म्हणते. निवड ऑक्टोबरमध्ये, लातूरला.

श्रावणी सोमवारचा उपास होता तरी मैदानाला फेऱ्या मारून आली. धाप नाही, काही नाही. गळ्यात पांढऱ्या दोऱ्यात कापडात गुंडाळलेलं लिंगायतांचं इष्टलिंग होतं. मी म्हणालो, "हे काढून येत जा. रिंगमध्ये गळ्यात काही चालत नाही."

"सर, हे लिंग हाय. अंगावरून उतरवायचं नसतंय."

"नियम मी केलेला नाही."

लिंगावर हात ठेवून "हाव सर" म्हणाली. विषय संपला. पोरगी ऐकणारी आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

गुरू सापडला! आन्सेल्मो किरोगा. दक्षिण अमेरिकेतला जुना मुष्टियोद्धा, फार वर्षांपूर्वीचा. त्याच्या लढतींच्या काळ्यापांढऱ्या चित्रफिती कुणीतरी इंटरनेटवर टाकल्यात. आठवडाभर दुपारी जेवण झालं की टीव्हीवर तेच लावतो. थांबवतो, मागे नेतो, पुन्हा बघतो. कुसुम म्हणाली, "अहो, हा माणूस आपल्या घरी आणखी किती दिवस राहणार आहे? म्हणजे मी तशी कणीक भिजवत जाईन."

तिला काय कळणार. हा माणूस डावा हात वापरतच नाही! सुरुवातीच्या फेऱ्या नुसता उजव्यावर काढतो. डावा हात छातीजवळ मिटलेला. समोरचा हळूहळू त्या हाताला विसरतो. आणि मग शेवटी तो डावा असा सुटतो, की समोरचा आडवा. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं पोरांना "पाय धर आणि ओढ" एवढंच शिकवलं मी. खेळात इतकी अक्कल असते हे या वयात पहिल्यांदा पाहिलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

ग्लोव्ह चढवण्याआधी हाताला पट्टी बांधतात. ती बांधणं मला येत नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. किरोगाच्या लढती थेट घंटेपासून सुरू होतात. तो रिंगमध्ये येतो तेव्हा ग्लोव्ह चढलेलेच असतात, त्याच्या आत काय आणि कसं, ते कुठेच दिसत नाही. मी आज आपला गुंडाळायला लागलो, तर अंगठा एकीकडे आणि मनगट एकीकडे.

वर्षाराणी म्हणाली, "सर, मी आतमधी जाऊन बांधून येते. मला येतंय."

माझी सुटका झाली. बाहेर आली तेव्हा पट्ट्या नीट होत्या, आणि गळ्यात काही नव्हतं. मी सांगितलेलं तिच्या लक्षात राहिलं होतं. शाबासकी दिली.

८ सप्टेंबर, सोमवार

आज मी थक्क झालो. मी तिला किरोगाबद्दल अजून काही सांगितलेलंसुद्धा नाही, आणि पोरगी आपोआप तसंच खेळते! ग्लोव्हशिवाय, मोकळ्या हातांनी हवेत ठोसे मारते तेव्हा डावा हात नुसता सळसळत असतो. ग्लोव्ह चढले की तोच डावा छातीशी. मी पॅड धरून "डावा! डावा!" ओरडतो, तर ती उजव्यानेच मारते. डावा कधी लावलाच तर असा अलगद, जसं काही अंडं आहे. सुरू करण्याआधी डावा ग्लोव्ह कपाळाला लावते. किरोगाही लावतो! (तो घाम पुसत असेल, पण दिसायला तेच.)

मी तिला म्हणालो, "तुला माहीत आहे का, जगातला एक थोर खेळाडू असंच करायचा?" आणि मोबाइलवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "सर, ह्यानं डावा हात मारला न्हाई तरी जिंकला असता का?"

काय प्रश्न! मी म्हणालो, जिंकला नसता, डावा राखून ठेवणं हीच तर त्याची कला. तिने मोबाइल परत दिला.

१४ सप्टेंबर, रविवार

बसलिंगप्पा उदगीरहून मुलीला भेटायला आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, बोलणं तुटक. माझ्यासाठी तूरडाळ आणली. मी घाबरून होतो, की आता बाप म्हणणार पोरीनं मारामारी करायची नाही. पण गृहस्थ निराळाच निघाला. म्हणाला, "खेळू द्या सर. मार खाल्ल्याबगर अंगात जोर येत नसतोय. माझी अट येकच हाय. तिला आधीच सांगितलीय."

मग माझ्यासमोरच मुलीला विचारलं, "लिंग अंगावर असतंय न्हव खेळताना?"

"हाव अप्पा. अंगावरच असतंय."

मी जमिनीकडे बघत बसलो. बापाच्या तोंडावर इतकं सरळ खोटं! डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. पण मी कशाला मधे पडू? खेळासाठीच बोलली बिचारी. एक मात्र खरं, तिच्या चेहऱ्यावरून ती खोटं बोलते आहे असं वाटत नव्हतं. पोलिसात चांगली चालेल.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन. प्राचार्यांचं भाषण लांबलं. सराव नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

लातूरचा संघ सरावासाठी आला होता. त्यांचे प्रशिक्षक भुजंग, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मान वाकडी न करता बघतात. त्यांच्या संघातली साक्षी वर्षाराणीच्याच वजनाची. उंच, लांब हाताची, आणि डोळे असे की समोरच्याच्या पायाआधी तिला कळतं तो कुठे जाणार. निवडीत गाठ हिच्याशीच पडणार.

दोन फेऱ्या खेळल्या. साक्षीने आमच्या पोरीला दोरापर्यंत रेटत नेलं. ओठ फुटला. तरी डावा हात निघाला नाही. मला आत धाकधूक होती, पण वरून मी म्हणालो, राखून ठेवलाय, लातूरला बघा.

नंतर भुजंग जवळ आले. "सर, ह्या पोरीचा डावा हात दुखतोय का?"

"मुळीच नाही. ती शैली आहे."

"शैली न्हाई वाटत. हात लपवून राहिली ती. पट्टी कोण बांधतंय?"

"तीच बांधते."

"मी बघू का जरा सोडून?"

मला संताप आला. आपल्या खेळाडूपेक्षा दुसऱ्याच्या खेळाडूची एवढी काळजी! म्हणालो, "सुभेदारसाहेब, आमच्या पट्ट्या आम्ही बघू. तुम्ही तुमच्या बघा." ते हसलेसुद्धा नाहीत. मान हलवून गेले. घरी येऊन कुसुमला सांगितलं, तर ती म्हणते, "बघू द्यायचं होतं की. त्यात तुमचं काय जात होतं?" काय जात होतं हे तिला सांगता येत नाही. पट्टी सोडली असती तर पुन्हा बांधायला मलाच सांगितलं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. लातूर

दुपारी पोचलो. उद्या सकाळी साक्षीशी लढत. एकच लढत, जिंकेल ती संघात.

जेवताना वर्षाराणीने भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. म्हणाली, "सर, पॉइंटवर पण जिंकता येतंय न्हव? पाडायलाच पायजे असं न्हाई ना?"

"येतं. पण साक्षीला पॉइंटवर हरवणं अवघड आहे. तिसऱ्या फेरीत तुझा डावा सुटला पाहिजे."

"उजवा लई चांगला चाललाय सर."

"वर्षा, डावा."

ती उठून हात धुवायला गेली. भीती सगळ्यांनाच वाटते. मलाही वाटते आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. लातूर

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी टेबलासमोर झुंबड होती. पट्ट्या तपासणाऱ्या माणसाने मान वर न करता विचारलं, "सर, तुमच्या तुम्ही तपासल्या न्हव?" मी म्हणालो, "तपासल्या." ती ग्लोव्ह चढवून माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरली आहे. मी पाठीवर थोपटलं.

पहिली फेरी साक्षीची. दुसरीत आमची पोरगी उजव्यावर टिकून राहिली, पण नाकातून रक्त यायला लागलं. विश्रांतीत स्टुलावर बसली तेव्हा मी पाणी दिलं आणि म्हणालो, "आता. आता डावा काढ."

"नको सर."

"का नको?"

"नको. उजव्यानंच बघते."

"किरोगा काय करतो आठव! हरायचंय का तुला?"

तिने डोळे मिटून घेतले. घंटा झाली. साक्षीने तिला कोपऱ्यात कोंडलं आणि पोटात, कानशिलावर, पुन्हा पोटात ठोसे बसायला लागले. मी दोराला लटकून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "डावा! वर्षा, डावा!" माझ्या आवाजाशिवाय मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

आणि डावा सुटला. चित्रफितीत जसा सुटतो अगदी तसा. साक्षी बाजूला फेकली गेली आणि खाली पडली. मी उडी मारली, शेजारच्या कुणाला तरी मिठी मारली. "किरोगा!" असं ओरडलो सुद्धा. हे लिहिताना लाज वाटते.

रेफरी मोजायला लागला. वर्षाराणी कोपऱ्यात गेलीच नाही. रिंगच्या मधोमध उभी राहिली, आणि डावा हात पुढे करून रेफरीला म्हणाली, "सर, हे उघडा."

त्याला कळेना. तो तिला मागे ढकलत होता.

"उघडा सर. आत लिंग हाय."

ग्लोव्ह काढला. पट्टी सोडली. वेटोळ्यांच्या आत, तळहातावर, कापडात बांधलेलं इष्टलिंग होतं. तिला रडू फुटलं. "मारायचं नव्हतं मला. हात सुटला. सर ओरडले आन् हात सुटला." ती रेफरीला सांगत होती की साक्षीला, कळत नव्हतं. साक्षी उठत नव्हती. तिचा उजवा डोळा बंद झाला होता आणि गाल वर आला होता.

भुजंग रिंगमध्ये चढले. साक्षीचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी वर पाहिलं ते वर्षाराणीकडे नाही, माझ्याकडे.

साक्षीला दवाखान्यात नेलंय. गालाचं हाड चिरलं आहे. सूज उतरल्याशिवाय डोळ्याचं सांगता येत नाही म्हणतात.

महिनाभर तो हात माझ्या नाकासमोर होता. तिने तो कुणाला लागू दिला नाही, सरावात मार खाल्ला, ओठ फोडून घेतला, पण मारला नाही. हातात दगड घेऊन मारणं पाप आहे हे तिला माहीत होतं, आणि हातात काय आहे हेही. आणि मी त्याला शैली म्हणत होतो. मला स्वतःची किळस आली आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार. लातूर

सकाळच्या पहिल्या गाडीने बसलिंगप्पा आले. स्टँडवर मी घ्यायला गेलो होतो. उतरल्या उतरल्या विचारलं, "पोरगी कुठं हाय?"

"माझ्या चुलतभावाकडे ठेवलीय. जेवत नाही, बोलत नाही..."

"ती न्हाई सर. मार लागलेली."

आम्ही थेट दवाखान्यात गेलो. साक्षीच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. खाटेजवळ तिची आई बसली होती, तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. बसलिंगप्पांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले. "अट माझी व्हती बाई. पोरीनं पाळली. काय बोलायचं ते मला बोला." त्या माउलीने पायाने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ते बसले नाहीत.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. दोष माझा आहे, असं तिथे मलाही म्हणता आलं असतं.

मग मुलीकडे गेलो. बापाला बघून ती हुंदके द्यायला लागली. "अप्पा, लिंग हातात असताना मी..."

"अळबेड," रडू नको, असं ते कानडीत म्हणाले आणि तिचे डोळे आपल्या उपरण्याने पुसले. "लिंगाचं काय ते मागनं बघू. आधी त्या पोरीचा डोळा."

१३ ऑक्टोबर, सोमवार

नांदेड. भुजंगांचा फोन आला. मला घेण्याची छाती होईना, कुसुमने उचलला. सूज उतरली. साक्षीला दिसतं. कुसुम फोन ठेवून तिथेच खाली बसली. मी देवापुढे निरांजन लावलं. किती दिवसांनी लावलं, आठवत नाही.

चौकशी गुरुवारी. साक्षीला प्रवास नको म्हणून लातूरलाच ठेवली आहे. कुणीतरी सांगितलं, मुलीने जाणूनबुजून लपवलं असं ठरलं तर तीन वर्षं बंदी. म्हणजे तिचं कॉलेज संपलं, खेळ संपला आणि पोलिसाचंही गेलं.

कुसुमने विचारलं, "तुम्ही काय सांगणार?"

"मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं."

"मग सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर जाईल."

मी रागावलो. एवढ्या वर्षांची नोकरी, एक डाग नाही, आणि शेवटच्या वर्षी मी काय स्वतःहून मान पुढे करू? ती म्हणाली, "मी काही म्हटलंय का?" आणि भाजी निवडायला बसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

टेबलामागे तिघे जण. आधी वर्षाराणीला विचारलं. तिने काही झाकलं नाही. लिंग काढायचं नव्हतं, सरांनी गळ्यात चालत नाही म्हणून सांगितलं, म्हणून हातात बांधलं. पूजेला डाव्या हातावरच घेतात. "मारायचं न्हाई असं ठरवूनच बांधत व्हते."

"म्हणजे माहीत असून लपवलं," मधला माणूस म्हणाला.

"हाव," ती म्हणाली.

मग माझी पाळी. इथपर्यंत बसमध्ये मी "मला माहीत नव्हतं" हेच घोकत आलो होतो. समोर भुजंग बसले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पट्टी बांधणं हे माझं काम होतं. मला पट्टी बांधता येत नाही. कधीच येत नव्हती. टेबलावर तपासल्या म्हणून सांगितलं ते खोटं होतं. डावा मार म्हणून मी ओरडलो. ती दोनदा नको म्हणाली होती."

मी कुणाकडे न बघता खाली बसलो.

मधल्या माणसाने भुजंगांना विचारलं. ते म्हणाले, "मी सप्टेंबरातच सरांना विचारलं व्हतं, पट्टी बघू का म्हणून. न्हाई म्हणले." मी म्हटलं, आता संपलं. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण एक सांगतो. माझी पोरगी खाली पडली व्हती. ही जिंकली व्हती. गप बसली असती तर कुणाला कळलं असतं? मला न्हाई कळलं असतं. लई वर्षं रिंगमधी काढली मी, असं कुणी हात पुढं केलेला बघितला न्हाई."

तासाभराने निकाल सांगितला. लढत साक्षीला, बरी झाली की संघात तीच जाणार. वर्षाराणी यंदा नाही, पुढच्या वर्षी खेळू शकते. माझ्यासोबत यापुढे कोणताही संघ पाठवायचा नाही, आणि कॉलेजला तसं कळवायचं. बरोबर आहे.

पायऱ्यांवर भुजंग भेटले. माझ्या बाजूने पुढे गेले. तिला म्हणाले, "दिवाळी झाली की रविवारी येत जा. पट्टीपासून सुरुवात करू."

नांदेडच्या गाडीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. गळ्यात लिंग होतं. मी विचारलं, पुढच्या वर्षी याचं काय करणार. म्हणाली, "अप्पा म्हणलेत, दिवाळीत मठात जाऊन स्वामींना विचारू. ते सांगतील तसं. न्हाई जमलं तर खेळायचं न्हाई."

मग मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, "अगं, पण एकदा तरी मला सांगायचं होतंस. हातात काय आहे ते."

ती रागावली नाही. जरा नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगणारच व्हते सर. त्या दिवशी पॅडवर तुम्ही डावा, डावा म्हणत व्हता ना, तवाच. मला वाटलं, आता विचारतील, डावा का मारत न्हाई. तुम्ही विचारलंच न्हाई. तुम्ही मोबाइल काढला."

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याला गाडी थांबली तेव्हा ती उतरली, दोन चहा घेऊन आली आणि एक माझ्या हातात दिला.